वनहक्काची वकिली: कोल्हापुरातून या कामात येणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात सनद घेऊन बसलेल्या नव्या वकिलाकडे वाटणीचे दावे, मोटार अपघाताची प्रकरणे आणि चेक न वटल्याच्या तक्रारी आपोआप येतात. वनहक्काचे काम, म्हणजे वनात राहणाऱ्यांना तेथील जमिनीवरचा आणि वनावरचा हक्क कायद्याने मिळवून देणे, मात्र आपणच शोधावे लागते, कारण ज्यांना त्याची गरज आहे ते धनगरवाडे, म्हणजे धनगरांच्या छोट्या वस्त्या, राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगडच्या डोंगरांत आहेत आणि तेथील फार थोडे लोक कसबा बावड्याच्या न्यायसंकुलापर्यंत पोहोचतात.

या क्षेत्रात येऊ पाहणारे विद्यार्थी बहुधा वनावर सामूहिक हक्क मिळवलेल्या गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाची उदाहरणे वाचून आलेले असतात. आपल्या जिल्ह्याचे गणित वेगळे आहे. कोल्हापूर राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील आदिवासी क्षेत्रांत नाही, त्यामुळे अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा येथे लागू होत नाही. आणि धनगर समाज राज्यात भटक्या जमातींत मोडतो, अनुसूचित जमातींत नाही. म्हणून 2006 च्या वनहक्क कायद्याखाली वाड्यावरच्या माणसाला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून उभे राहावे लागते आणि 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, आपला रहिवास वनात होता व उपजीविका वनावर होती हे दाखवावे लागते. ही 75 वर्षे रहिवासाची आहेत, कसत असलेल्या नेमक्या तुकड्याची नव्हेत. त्या तुकड्याचा ताबा 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा असला की पुरे. दावे फेटाळणाऱ्या कार्यालयांत हा फरक वारंवार पुसला जातो, आणि माझ्या मते आपल्याकडची निम्मी लढाई याच मुद्द्यावर आहे.

हिशेब केला की आपण 1930 सालात जाऊन पोहोचतो. तेव्हा येथे करवीर संस्थान होते. ते मुंबई राज्यात विलीन झाले 1949 मध्ये. साहजिकच जुने कागद बरेचसे मोडी लिपीत आहेत, आणि सातबाऱ्यावर ज्याचे नावच नाही त्याच्यासाठी चराईची एखादी पावती किंवा जुन्या वहिवाटीची नोंद मोलाची ठरते. लॉ कॉलेजात असतानाच मोडी शिकून घ्या, असे मी प्रत्येकाला सांगतो. इंग्रजी ड्राफ्टिंग नंतरही सुधारते.

कागद नसला तरी दावा संपत नाही. वनहक्क कायद्याखालील नियमांपैकी नियम 13 नुसार दावेदाराखेरीज अन्य वयस्कर व्यक्तीचे लेखी निवेदन, वंशावळ, जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान हेही पुरावे आहेत, आणि नियम 12-अ नुसार उपग्रहाची छायाचित्रे पूरक असू शकतात, इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाहीत. निवेदन घेताना “किती वर्षे राहता?” असे विचारले की “पहिल्यापासनं” एवढेच उत्तर येते. आज ऐंशी वर्षांच्या आजोबांनाही 1930 आठवणे शक्य नाही. त्यांना विचारावे, तुमच्या आज्याला कुठे पुरले, बिरोबाच्या जत्रेला मान कोणत्या घराचा, राधानगरी धरणाचे पाणी चढले तेव्हा वाडा कुठून कुठे हलला. त्यानंतर ती जागा ग्रामसभेच्या वनहक्क समितीला प्रत्यक्ष दाखवून पंचनाम्यात लिहून घ्यावी.

दावा आधी ग्रामसभेपुढे जातो, आणि तिचा कोरम, म्हणजे किमान हजेरी, ही दुसरी अडचण. 2012 च्या दुरुस्तीनंतर निम्मे सदस्य हजर लागतात, त्यांत एक तृतीयांश महिला. मोठ्या गावाच्या ग्रामपंचायतीला जोडलेल्या आठ-दहा घरांच्या वाड्यासाठी गाव गोळा करणे हे वकिलीच्या कोणत्याही पुस्तकात नसलेले काम आहे, तरी ते आपल्यालाच करावे लागते. ग्रामसभेकडून दावा प्रांतांच्या उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समितीकडे जातो. ‘पुरावा अपुरा’ अशा एका ओळीच्या शेऱ्याने दावे परत आलेले मी पाहिले आहेत. कारणे लेखी द्यावी लागतात, आणि वरच्या समितीकडे जायला कायद्यात ठराव किंवा निर्णयाच्या तारखेपासून 60 दिवसांची मुदत असते. म्हणून निर्णय कधी झाला आणि तो कधी, कसा कळवला याची नोंद पहिल्या दिवशीच मिळवावी.

पैशांविषयी स्पष्ट सांगतो: यावर घर चालत नाही. दिवाणी आणि महसुली कामे सोडू नका. प्रांत आणि तहसील कार्यालयातला तोच वावर येथेही उपयोगी पडतो. जिल्हास्तरीय समितीनंतर रिट याचिकेसाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते, त्यामुळे पक्षकाराचा प्रवासखर्च वाचतो. याचिकेत नवा पुरावा घालायला फारसा वाव मिळत नाही, तेव्हा ग्रामसभेचा ठराव, पंचनामा आणि निवेदने यांच्या प्रमाणित प्रती दावा खालच्या समितीत असतानाच काढून ठेवाव्यात.