नवा बोर्ड गेम घरात आला की आधी तीन डाव, मग मत

नवीन बोर्ड गेमचा बॉक्स घरी आला की त्याच संध्याकाळी सगळ्यांना बोलवावंसं वाटतं, पण ते करू नका. आमच्याकडे सांगलीत विश्रामबागला रविवारी दुपारची जेवणं आटपली की सहा-सात जण जमतात, सासूबाई, धाकटे भाऊजी, जाऊबाई, पुतण्या, समोरच्या काकू, माझी मुलगी, आणि एवढ्या माणसांना बसवून ठेवून मी रूलबुक चाळत बसले तर वीस मिनिटांत अर्धे मोबाईलवर जाणार. मग गेम किती का चांगला असेना, एकदा त्याचं नाव खराब झालं की झालं, परत त्या बॉक्सला कोणी हात लावत नाही.

तर पहिला दिवस एकटीने घालवायचा. बॉक्स उघडा, टोकन पुठ्ठ्यातून सोडवा आणि रूलबुकच्या सुरुवातीला सामानाची यादी असते तिच्याशी एकेक गोष्ट मोजून बघा. अझुलमध्ये पाच रंगांच्या वीस-वीस म्हणजे 100 टाइल असतात, कार्कसोनमध्ये 72, आणि यातलं काही कमी निघालं तर ते पहिल्याच दिवशी कळलेलं बरं, म्हणजे दुकानदाराला लगेच सांगता येतं. मोजताना आणखी एक फायदा होतो, कुठली गोष्ट किती आहे ते डोक्यात बसतं. टिकिट टू राइड या रेल्वेचे रस्ते बांधायच्या गेममध्ये आठ रंगांची प्रत्येकी 12 कार्डं आणि इंजिनाची 14, एवढं माहीत असलं तर लाल कार्ड अजून येईल का नाही याचा अंदाज बांधता येतो, आणि जिथं असा अंदाज बांधता येतो तो खेळ नुसता नशिबाचा नाही हे तुम्हाला खेळायच्या आधीच कळलेलं असतं.

मग दोन भिडू धरून दोन्ही बाजूंनी आपणच खेळायचं. पूर्ण डाव नको, पाच-सहा टर्न पुरे. जिथं अडाल तिथं पेन्सिलने खूण करा, कारण बाकीचे पण तिथंच अडणार.

हे न केल्याचा तोटा आम्हाला टिकिट टू राइडमध्ये झालाय. त्यात टर्नला दोन कार्डं उचलता येतात, पण उघडं ठेवलेलं इंजिनाचं कार्ड उचललं की ते एकच घ्यायचं, टर्न संपला. ती ओळ माझ्या नजरेतून सुटली. आम्ही सगळे इंजिनं दोन-दोन उचलत होतो, ते कार्ड जोकरसारखं कुठल्याही रंगाला चालतं त्यामुळे प्रत्येकाच्या हातात जोकरच जोकर, कोणी कुठलाही रस्ता बांधतोय, कशालाच अर्थ नाही. भाऊजी म्हणाले यात काही दम नाही, आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात रूलबुक परत वाचलं तेव्हा चूक सापडली, आणि बरोबर नियमाने खेळलो तर तोच गेम सहा महिने दर रविवारी निघत होता. तेव्हापासून मी पहिल्या डावावर कुणाचं मत धरत नाही, माझं पण नाही. पहिला डाव नियमांसाठी, दुसरा खेळासाठी आणि तिसरा परीक्षेसाठी, हे आता घरात सगळ्यांना पाठ आहे.

शिकवताना रूलबुक वाचून दाखवू नका. आधी सांगायचं जिंकतात कसं, मग एका टर्नमध्ये काय काय करता येतं, आणि अपवाद ते ते वेळ आली की. स्प्लेंडर असेल तर "15 पॉइंट झाले की शेवटची फेरी, पॉइंट कार्डांवर आहेत, कार्डं रत्नांनी घ्यायची, टर्नला एकतर रत्नं उचल नाहीतर कार्ड घे नाहीतर राखून ठेव" एवढं पुरतं, सरदारांच्या फरश्या कशा मिळतात ते कोणाची तरी कार्डं जमायला लागली की सांगा. पत्ते खेळणाऱ्यांना पत्त्यांच्या भाषेत सांगा. सासूबाईंना टर्न, डेक असलं बोलत बसले नाही, "गड्डी", "उतारी", "हात" म्हटलं की त्या लगेच पुढं सरसावतात, बदाम सात आणि मेंढीकोट खेळून त्यांचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का आहे.

आणि भाषेचा मुद्दा आपल्याकडे फार मोठा आहे. कार्डांवर इंग्रजीत परिच्छेद लिहिलेले असतील तर तो गेम घरातल्या निम्म्या लोकांसाठी बंद, हे विकत घ्यायच्या आधी फोटो झूम करून बघून घ्या. अझुल, कार्कसोन, स्प्लेंडरमध्ये वाचायचं काही नसतंच जवळजवळ. कोडनेम्समध्ये मात्र सगळा खेळ शब्दांचाच. पाच बाय पाच असे 25 शब्द मांडायचे, आणि कॅप्टनने एक शब्द आणि एक आकडा (त्या शब्दाशी किती शब्द जुळतात तो) सांगून आपल्या टीमकडून आपले शब्द ओळखून घ्यायचे. आम्ही त्याची मराठी कार्डं केली, जुन्या लग्नपत्रिका कापून मागच्या कोऱ्या बाजूला स्केचपेनने लिहून. पहिल्या खेपेला हळद, भडंग, गणपती, सितार असले शब्द घेतले, खेळ चालला पण फार सोपा झाला. मग लक्षात आलं की ज्या शब्दाला दोन-तीन अर्थ आहेत तोच इथं कामाचा. पान म्हणजे झाडाचं, वहीचं, विड्याचं आणि पंगतीतलं पण. नाव, माळ, तार, वर, हात, कर, डाव, असे साठ-सत्तर शब्द काढल्यावर खेळ असा रंगला की काकूंनी "पंगत, 1" सांगितलं आणि अर्धी टीम पानावर आणि अर्धी टीम माळेवर भांडत बसली.

आता दुसऱ्या डावात काय बघायचं. मी एक साधी वही ठेवलीय. बॉक्स उघडल्यापासून पहिला टर्न व्हायला किती वेळ लागला, डाव किती चालला, किती जण होते, अर्ध्यात कोण पुढं होतं आणि शेवटी कोण जिंकलं. लागोपाठ तीन डावांत अर्ध्याला पुढं असलेलाच जिंकला तर मागं पडलेल्याला वर यायला वाटच नाही असा संशय घ्यायचा. वाट बघण्याचा वेळ पण मोजा, चार जण आहेत आणि प्रत्येकजण तीन मिनिटं घेतोय तर तुम्ही नऊ मिनिटं नुसते बसून आहात, तेवढ्यात लहान पोर उठून जाणारच. कोणी मधेच बाद होत असेल तर त्याच्याकडे बघा. व्यापार खेळताना पहिला दिवाळखोर झालेला मुलगा पुढचा तासभर काय करतो ते आपण सगळ्यांनी लहानपणी बघितलंय.

फासे असले की लोक लगेच म्हणतात नशिबाचा खेळ. तसं नसतं. कॅटनमध्ये दोन फासे टाकायचे, त्यांच्या 36 शक्यता, सात पडायच्या त्यातल्या सहा, सहाच्या पाच, आठच्या पाच, आणि दोन किंवा बाराची प्रत्येकी एकच. पटावरच्या जमिनींवर आकडे असतात, तो आकडा पडला की तिथं घर असणाऱ्याला माल मिळतो, म्हणजे घर कुठं बांधायचं हे ज्याने नीट ठरवलं त्याला दान जास्त वेळा मिळणार. पण कधीकधी आठ पडतच नाही, पडतच नाही, अशावेळी बघायचं की त्या माणसाला करण्यासारखं काही उरलंय का. कॅटनमध्ये तो अदलाबदल करू शकतो, विटा देऊन गहू मागू शकतो, म्हणून तो खेळात राहतो. नुसतं दान टाकायचं आणि सोंगटी सरकवायची एवढंच हातात असेल तर तो गेम पाच वर्षांच्या मुलांना द्या, त्यांना तो मनापासून आवडतो.

कोऑपरेटिव्ह गेम, म्हणजे सगळे मिळून गेमच्या विरुद्ध, यात वेगळाच धोका असतो. पॅंडेमिक आणलं तेव्हा भाऊजी सगळ्यांचे टर्न खेळायला लागले, तू इकडं जा, तू ते कार्ड टाक, आणि जाऊबाई नुसत्या सोंगटी हलवत होत्या. गेम वाईट नाही, पण तुमच्या घरात असा माणूस असेल तर हानाबी बघा, त्यात आपली कार्डं आपल्याला दिसतच नाहीत, दुसऱ्याकडे तोंड करून धरायची असतात, त्यामुळे एकट्याला सगळं चालवताच येत नाही.

तिसऱ्या डावाला मी भाऊजींना मोकळं सोडते. सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात, भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे इथल्याच, आणि इथं प्रत्येक गल्लीत पट मांडून बसणारा एकतरी सापडतोच, तुमच्याकडे पण असेल. त्याला सांगायचं की हा गेम फोड. म्हणजे एकच डावपेच धरून शेवटपर्यंत खेळ आणि तेवढ्यावर जिंकता येतं का दाखव. टिकिट टू राइडमध्ये सहा डब्यांच्या रस्त्याला 15 पॉइंट आणि तीन डब्यांच्या रस्त्याला चारच, म्हणून भाऊजींनी नवीन तिकिटं (म्हणजे अमुक दोन शहरं जोड अशी कार्डं) घ्यायचीच नाहीत, फक्त लांब रस्ते बांधायचे असं ठरवलं. एकदा जिंकले, दोनदा हरले, कारण बाकीच्यांना सुगावा लागल्यावर त्यांनी ते रस्ते आधीच अडवले. ज्या डावपेचाला समोरच्याकडे उत्तर आहे तो असू दे. उत्तरच नसेल तर तो गेम चौथ्यांदा कोण खेळणार?

माणसांची संख्या पण बदलून बघा. मूळ कॅटनला तीन किंवा चार लागतात, नवरा-बायको दोघंच असाल तर तो घेऊ नका. कार्कसोन उलट, दोघांत जास्त चुरशीचं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खेळ संपल्यावर "आवडला का?" विचारू नका. आपल्याकडे पाहुण्याला भाजी कशी झाली विचारलं तर तो छानच म्हणणार, इथं पण तेच. मी शेवटून पहिल्या आलेल्याला विचारते, पुढच्या वेळी काय वेगळं करशील? पुतण्या कार्कसोनमध्ये दणकून हरला आणि विचारायच्या आधीच म्हणाला, माणसं शेतात झोपवायला नको होती, सगळी तिथंच अडकली. शेतातला माणूस शेवटपर्यंत परत येत नाही हे त्याला हरून कळलं आणि आता त्याला परत खेळायचंय. त्याचं वाक्य मी वहीत तसंच लिहून ठेवलं. याउलट "काय की, काही कळलंच नाही कसा हरलो" असं दोन डावांत दोन वेगवेगळ्या माणसांकडून आलं तर माझ्या दृष्टीने तो गेम आमच्या घरात चालणारा नाही, जगात त्याला किती का स्टार असेनात. बोर्डगेमगीक या बोर्ड गेमच्या वेबसाइटवर मी पण बघते, पण 10 पैकीचं रेटिंग नाही, 5 पैकीचं वजन बघते, म्हणजे गेम किती अवघड आहे तो आकडा. रेटिंग देणारे बरेचसे मुरलेले खेळाडू असतात, सासूबाई नसतात.

पैशाचं म्हणाल तर चांगला गेम सहज दोन-तीन हजाराला जातो, म्हणून बोर्ड गेम अरेनावर आधी ऑनलाइन एखादा डाव खेळून बघा, कार्कसोन तिथं आहे. आम्ही तीन घरांत मिळून घेतो, महिनाभर एकेकाकडे बॉक्स. फक्त दोन गोष्टी पाळा. भडंगाची वाटी टेबलावर नको, तेलाचे हात कार्डांना लागले की त्या कार्डाला खूण झाली आणि पाठीवरून ओळखू यायला लागलं, खायचंच असेल तर डाव थांबवून खा. आणि पावसाळ्यात कार्डं वाकतात, स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची पातळ पाकिटं, घाला आणि बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या बॉक्समध्ये टाकून ठेवा.

तीन डाव झाले, वही भरली, तरी मी बॉक्स लगेच देऊन टाकत नाही, मुलांच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर ठेवते. यंदाच्या मे महिन्यात मुलांनी कोणी न सांगता तिथून काय काढलं तर मराठी कोडनेम्स, आणि लग्नपत्रिका संपल्या म्हणून वहीची पानं फाडून त्यांनी स्वतःचे चाळीस शब्द वाढवलेत.