नकाशांच्या स्पर्धेत उतरताय? या चुका टाळा

भौगोलिक माहितीचा नवा उपयोग मांडायच्या स्पर्धेत कल्पना कच्ची म्हणून हरणारे थोडे. बहुतेकांचा घात आकड्यांची फाईल आणि सीमांची फाईल जोडतानाच होतो.

जिल्हावार नकाशा काढला आणि पालघर कोरा आला, ही नेहमीची तक्रार. जनगणनेचे आकडे २०११चे, तेव्हा राज्यात ३५ जिल्हे होते. पालघर ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला. आजच्या सीमांवर ते आकडे बसवले की पालघर रिकामा राहतो. पण खरा धोका शेजारी आहे. वसई, डहाणू, जव्हारची माणसं अजून ठाण्यातच मोजलेली असतात. कोरा जिल्हा लगेच दिसतो, फुगलेला ठाणे दिसत नाही, आणि त्याच आकड्यावर तुम्ही दवाखाने कुठे हवेत ते सांगत असता. म्हणून तालुक्यांचे आकडे घ्या आणि दोन्ही जिल्ह्यांची बेरीज नव्याने करा.

नावांवरून जोडणी तर करूच नका. एका फाईलमध्ये उस्मानाबाद, दुसरीत धाराशिव. आणि वडगाव किती आहेत ते आपल्याला ठाऊकच आहे. जनगणनेचा गाव-कोड वापरा.

बिंदू नकाशावर दिसतच नाहीत? अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झालीय का पाहा. जिओजेसन या नकाशाच्या फाईल-प्रकारात रेखांश आधी लागतो. उलटं लिहिलंत तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं.

क्षेत्रफळ वेब मर्केटरवर, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणावर, मोजू नका, मुंबईच्या अक्षांशावर ते सुमारे १२ टक्के जास्त येतं. यूटीएम घ्या, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मोजणारी पद्धत: ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेला पट्टा ४३, पूर्वेला ४४. म्हणजे पुण्याचा पट्टा नागपूरला चालत नाही.

पुराची कल्पना असेल तर सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रांवर विसंबू नका. ऐन पावसात त्यांत ढगच दिसतात. सेंटिनेल-१चं रडार ढगांतून पाहतं, तेच घ्या.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाची माहिती वापरलीत तर तसा उल्लेख नकाशावरच करा, परवान्याची ती अट आहे. देशाची सीमा मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच दाखवा.

प्रवेशिका पाठवण्याआधी मी नकाशात आमचं गाव शोधते. ओढा, शाळा, एसटीचा थांबा जागेवर आहेत का, तेवढं पाहते. तुम्हीही तुमचं गाव शोधा. तिथे काही चुकलं असेल तर पाठवायची घाई न करता आधी जोडणी पुन्हा तपासा.