पोस्टफिक्समध्ये नको त्या अटॅचमेंट दारातच कशा नाकाराव्यात

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्री असो की निपाणी-खानापूरकडची सहकारी सोसायटी, स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्याने कोणत्या फायली अडवायच्या हे आधी रोजचे कामकाज पाहून ठरवावे. ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस आणि जेएस या फायली मेलने येण्याचे कार्यालयाला कारणच नसते. झिप मात्र सरसकट बंद करू नये, कारण कारखान्यांची ड्रॉइंग पुष्कळदा त्यातूनच येतात.

पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरच्या मेन डॉट सीएफ या मुख्य सेटिंग फाईलमध्ये 'माइम हेडर चेक्स' ही अटॅचमेंटची माहिती देणाऱ्या ओळी (हेडर) तपासणारी सेटिंग लिहून तिला रेगएक्स्प प्रकारच्या, म्हणजे अक्षरांचे नमुने जुळवणाऱ्या, नियमफाईलचा पूर्ण पाथ द्यावा. सेटिंगच्या नावात शब्दांमधील मोकळ्या जागी अंडरस्कोर येतो. नियमाचा नमुना 'नेम' या शब्दापासून सुरू करावा, म्हणजे 'फाईलनेम'ही त्यातच सापडतो. एक्स्टेन्शननंतर (फाईलच्या नावाच्या शेवटी येणाऱ्या ईएक्सई, जेएस यांसारख्या अक्षरांनंतर) अवतरणचिन्ह, अर्धविराम किंवा ओळीचा शेवट असलाच पाहिजे, अशी अट घालावी. ती राहिली तर जेएससाठी लिहिलेला नियम निरुपद्रवी जेसन फाईलही परत पाठवतो.

पहिला आठवडाभर नियमापुढे 'वॉर्न' (मेल न अडवता फक्त नोंद करणे) ठेवून लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, रोज वाचावा आणि खात्री पटल्यावरच 'रिजेक्ट' करावे. 'डिस्कार्ड' कधीही वापरू नये, कारण त्यात मेल गुपचूप नाहीसा होतो आणि पाठवणाऱ्या सभासदाला तो पोचला असेच वाटत राहते. रिजेक्टमध्ये एसएमटीपी संवाद, म्हणजे दोन सर्व्हरमधील मेल देण्याघेण्याचे बोलणे, चालू असतानाच नकार जातो, त्यामुळे कळवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर राहते. बनावट मेल आधी स्वीकारून मागाहून परत पाठवला, तर ज्याचा पत्ता चोरून वापरला त्या निरपराध माणसाकडे तो जातो. नकाराचा मजकूर साध्या रोमन अक्षरांत लिहावा. बदलानंतर पोस्टफिक्स रिलोड करावे. रेगएक्स्प फाईलवर पोस्टमॅप ही पोस्टफिक्सची आज्ञा चालवून डेटाबेस बनवावा लागत नाही.

आपल्या सीमाभागात याहून मोठी अडचण फायलींच्या नावांची आहे. सरकारी कार्यालयांकडून कन्नड आणि सभासदांकडून मराठी नावाच्या फायली येतात, आणि अशी नावे हेडरमध्ये पुष्कळदा बेस-६४ या, साध्या रोमन अक्षरे-अंकांत बदललेल्या, सांकेतिक रूपात असतात. पोस्टफिक्स ती उलगडून पाहत नाही, त्यामुळे कन्नड नावामागे दडलेली ईएक्सई या नियमातून सहज निसटते. झिपच्या आतलेही त्याला दिसत नाही. म्हणून रस्पॅमडी हे स्पॅम गाळणारे सॉफ्टवेअर मिल्टर, म्हणजे पोस्टफिक्सला जोडायची बाहेरची गाळणी, म्हणून जोडावे. ते नाव उलगडून एक्स्टेन्शन तपासते, झिपमधील फायलींची नावेही वाचते, आणि त्याचा नकारही एसएमटीपी संवाद संपण्यापूर्वीच जातो. चाचणीसाठी बाहेरच्या खात्यावरून कन्नड व मराठी नावाच्या दोन रिकाम्या फायली, शेवटी ईएक्सई लावून, स्वतःलाच पाठवाव्यात आणि त्या खरोखर परतल्या का हे लॉगमध्ये पाहावे.