फॉस्फरसची गोळी कुठल्या घासाला? डायलिसिस युनिटमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

निपाणी, चिकोडी, खानापूरकडची जी मुलं यंदा डायलिसिस टेक्नॉलॉजीला आलीत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मशीन लावणं, फिश्चुलात (डायलिसिससाठी हातात शस्त्रक्रियेनं जोडून केलेल्या रक्तवाहिनीत) सुई घालणं हे हात बसला की जमतं, त्याची धास्ती घेऊ नका. मला जड गेला तो दर महिन्याचा रक्ताचा रिपोर्ट. अजूनही तो मी दोनदा वाचतो.

पेशंट क्रिएटिनिनच, म्हणजे किडनीच्या कामाचा नेहमीचा आकडाच, विचारणार. तुम्ही फॉस्फरस, कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) एकत्र बघा. डायलिसिसवरची माणसं सर्वांत जास्त दगावतात ती हृदयाच्या दुखण्यानं. फॉस्फरस चढलेला राहिला की रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. तिथं कॅल्शियम साचतं, वाहिनी कडक होते, वरचं बीपी चढतं आणि हृदयाचा डावा कप्पा जाड होत जातो. वर्षानुवर्षं हे चालतं आणि पेशंटला काहीच जाणवत नाही.

मशीन सगळं काढेल या भरवशावर राहू नका. रोज 1000 मिलिग्रॅम फॉस्फरस पोटात गेला आणि त्यातला 60 टक्के शोषला गेला, तरी आठवड्याचे 4200 होतात. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण 800 निघतो असं धरा. तीन वेळा केलं तरी 2400. आपल्याकडे तर कितीतरी जण आठवड्यातून दोनदाच येतात. उरलेल्यासाठी बाइंडर असतो, म्हणजे अन्नातला फॉस्फरस आतड्यातच धरून ठेवणारी गोळी.

खरी फसगत इथंच होते. खानापूरकडच्या एका मावशींचा फॉस्फरस काही केल्या उतरत नव्हता. सगळे त्यांच्या खाण्यालाच बोल लावत होते. आमच्या सिनियर सिस्टरांनी त्यांची गोळ्यांची पिशवी बेडवरच मोकळी करायला लावली. कॅल्शियम कार्बोनेटची स्ट्रिप, चिठ्ठीवर 1-0-1, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. मावशी सकाळची गोळी बीपीच्या गोळीबरोबर, चहाच्या घोटानं, उपाशीपोटी घ्यायच्या. भाकरी खायच्या अकराला. पोटात अन्नच नाही, तर गोळी धरणार काय? फॉस्फरस तसाच राहतो, वर गोळीतलं कॅल्शियम रक्तात जातं. तेच पुढं वाहिन्यांत साचायला हातभार लावतं. कॅल्शियमचे बाइंडर बेतानं द्यावेत असं केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, ते याच काळजीपोटी.

म्हणून ‘गोळ्या घेता ना?’ असं विचारूच नका, उत्तर ‘होय’च येतं. ‘सकाळी उठल्यापासून काय काय खाता, आणि ही गोळी त्यातल्या कुठल्या घासाला?’ असं विचारा. मराठीत विचारा, कन्नडमध्येही विचारायला शिका. चार वाक्यं पुरतात, लोक सांभाळून घेतात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या नोट्स पाठ करून परीक्षा निघेल, हे निघणार नाही. माझं स्पष्ट मत आहे, दहा लेक्चरांपेक्षा जुन्या सिस्टरांच्या मागं एक शिफ्ट उभं राहा.

पथ्य सांगताना जोंधळ्याच्या भाकरीची भीती घालू नका. धान्यातला फॉस्फरस बहुतेक फायटेट नावाच्या संयुगाच्या रूपात असतो, तो कमी शोषला जातो. दूध, कुंदा, कोला, पाकिटबंद खाणं यावर बोला.

पोटॅशियमचं थोडक्यात सांगतो, पण हयगय नको. दोन डायलिसिसमधला लांबचा खाडा सगळ्यात धोक्याचा, कारण तेवढ्या दिवसांत पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शहाळं, गूळ आणि ‘कमी सोडियमचं’ मीठ यांची चौकशी कराच. त्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि घरचे ते चांगलं म्हणून आणतात. लांबच्या खाड्यानंतर पेशंट हातपाय गळाल्याचं सांगत असेल तर डॉक्टरांना लगेच हाक मारा, ईसीजी काढा.

महिन्याच्या रिपोर्टचा नमुना डायलिसिस सुरू होण्याआधी घ्या. मशीन चालू झाल्यावर घेतलेला आकडा खोटा दिलासा देतो. डोस बदलणं आपलं काम नाही. गोळी जेवणाशी जुळत नसेल तर ते फाइलवर लिहा आणि राउंडला नेफ्रॉलॉजिस्टना तोंडानंही सांगा. मावशींची गोळी डॉक्टरांनी अकराच्या भाकरीला आणि रात्रीच्या जेवणाला लावून दिली.