ऑफरोड गाडीला ट्रान्समिशन कूलर बसवताना

वाळूत किंवा दगडांत हळूहळू गाडी रेटताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग) सारखा स्लिप होतो, त्यामुळे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल तापतं, आणि १२० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते लवकर खराब होतं. हे ऑइल थंड करणारा कूलर रेडिएटरच्या पुढे लावा, पण ब्रॅकेटवर, रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकचे टाय घालून अजिबात नको, हादऱ्यांनी घासून भोक पडतं. रिटर्न लाइन आधी नीट ओळखा, म्हणजे ऑइल रेडिएटरमधून गिअरबॉक्सकडे परत नेणारी, तिथेच कूलर जोडायचा. होज ट्रान्समिशन ऑइलचाच घ्या, साधा पाण्याचा पाइप फुगतो आणि सुटतो. मग इंजिन चालू करून होज आवळणाऱ्या क्लॅम्पपाशी कोरडं बोट फिरवा, ओलं लागलं तर परत आवळा. लेव्हल मॅन्युअलप्रमाणे बघून ऑइल टॉपअप करा.