कमांड तीच, पण चालवतंय कोण? शेल बिल्टइनच्या या चुका टाळा

माझी एक बॅकअप स्क्रिप्ट माझ्या मशीनवर महिनाभर बिनतक्रार चालत होती. सर्व्हरवर टाकली, दुसऱ्या दिवशी लॉग उघडला, तर ओळीओळीच्या सुरुवातीला '-ई' छापलेलं. स्क्रिप्टमध्ये 'एको -ई' होतं (एको म्हणजे मजकूर छापणारी कमांड), एवढाच काय तो गुन्हा. माझ्याकडे ती बॅश या शेलमध्ये, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालायची. तिथे क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) ती 'एसएच'कडे देत होता, आणि डेबियन-उबुंटू या लिनक्सवर 'एसएच' म्हणजे डॅश हा वेगळा शेल (उबुंटूने हा बदल 2006 साली 6.10 मध्ये केला). डॅशच्या एकोला '-ई' हा ऑप्शन ठाऊकच नाही. तो ते साधा मजकूर समजून छापतो, वर '\एन' (नवी ओळ) सारख्या खुणांचा अर्थ मात्र कोणी न सांगताच लावतो. तेव्हापासून स्क्रिप्टमध्ये मी 'प्रिंटएफ'च वापरतो. तो सगळीकडे बऱ्यापैकी सारखा वागतो.

गोंधळ वाढतो तो मॅन्युअलमुळे. 'मॅन एको' केलं की डिस्कवरच्या 'एको' फाइलची माहिती येते, आणि तुम्ही चालवत असता शेलच्या पोटातला, म्हणजे बिल्टइन, एको. दोघांचे ऑप्शन जुळतीलच असं नाही. म्हणून आधी 'टाइप -ए एको' करून बघा: त्या नावाचे जेवढे दावेदार आहेत तेवढे क्रमाने दिसतात, आणि पहिला असतो तोच चालतो. बिल्टइनची खरी माहिती बॅशमध्ये 'हेल्प एको'ने मिळते. कमांडला लागलेला वेळ मोजणाऱ्या 'टाइम'चंही तसंच. बॅशमध्ये तो शेलचा राखीव शब्द आहे, त्यामुळे डिस्कवरच्या 'टाइम'चे ऑप्शन हवे असतील तर त्याचा पूर्ण पाथ द्या.

सीडी म्हणजे फोल्डर बदलणारी कमांड, आणि सुडो म्हणजे दुसरी कमांड अ‍ॅडमिनच्या हक्कांनी चालवणारी. 'सुडो सीडी' करून 'कमांड नॉट फाउंड' बघितलेले पुष्कळ भेटतात. सुडो डिस्कवर फाइल शोधतो, आणि सीडीची फाइल बहुतेक लिनक्सवर नसते. मॅकओएसवर ती आहे, पण उपयोग शून्य. चालू डिरेक्टरी (फोल्डर) ही प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची, आपापली असते. शेलने सुरू केलेली पोटची प्रोसेस स्वतःची बदलते आणि संपते, तुमचा शेल होता तिथेच. म्हणून तर सीडी बिल्टइन असावी लागते. स्क्रिप्टमध्ये सीडी लिहून ती चालवल्यावर 'मी जुन्याच फोल्डरमध्ये कसा?' याचंही उत्तर हेच. स्क्रिप्ट 'सोर्स' केली तरच ती तुमच्या शेलमध्ये चालते. आणि सीडीच्या पुढे '|| एक्झिट' लिहायला विसरू नका. सीडी फसली आणि पुढच्या ओळीत 'आरएम -आरएफ *' (सगळं पुसून टाक) असेल, तर ते भलत्याच फोल्डरात चालणार.

पाइपमध्येही (एका कमांडचं आउटपुट पुढचीला देणारी '|' खूण) हाच सापळा. 'कॅट यादी | व्हाइल रीड -आर ओळ' अशा लूपमध्ये मोजणी वाढवली, बाहेर येऊन छापली, तर शून्य! बॅश पाइपचा प्रत्येक तुकडा वेगळ्या सबशेलमध्ये (शेलच्या वेगळ्या प्रतीत) चालवतो, म्हणून आतला आकडा आतच मरतो. झेडशेल हा आणखी एक शेल शेवटचा तुकडा मूळ शेलमध्ये चालवतो, त्यामुळे तीच स्क्रिप्ट तिथे बरोबर उत्तर देते आणि तुम्ही डोकं खाजवत बसता. पाइप काढा आणि लूपच्या शेवटी 'डन < यादी' लिहा.

आता 'सेट -ई'. चूक झाली की स्क्रिप्ट थांबेल, या भरवशावर लोक ते पहिल्याच ओळीत लिहितात. माझ्या मते हा भरवसाच जास्त घातक. 'इफ'च्या अटीत, किंवा '&&' आणि '||'च्या डावीकडे कमांड फसली तर 'सेट -ई' हूं की चूं करत नाही. पाइपमध्ये तो फक्त शेवटच्या कमांडकडे बघतो. मधल्यांसाठी 'सेट -ओ पाइपफेल' हवं. सगळ्यात फसवी ही फंक्शनमधली ओळ ('लोकल' म्हणजे फक्त त्या फंक्शनपुरतं नाव, 'फॉल्स' म्हणजे कायम फसणारी कमांड):

लोकल तारीख=$(फॉल्स)

कमांड फसली, पण 'लोकल' स्वतः बिल्टइन कमांड आहे आणि ती यशस्वी झाली, म्हणून एकूण निकाल शून्य, म्हणजे सगळं ठीक. 'लोकल तारीख' एका ओळीत आणि 'तारीख=$(फॉल्स)' दुसऱ्या ओळीत लिहिलं की लगेच पकडलं जातं. 'एक्सपोर्ट'लाही हाच नियम लागू.

उलटा प्रकारही आहे. 'सेट -ई' चालू आणि मोजणी शून्य असताना '((मोजणी++))' लिहिलं की बॅशची स्क्रिप्ट काही न बोलता बंद पडते. या राशीची किंमत आधीची, म्हणजे शून्य, आणि दुहेरी कंसात शून्य म्हणजे अपयश. 'मोजणी=$((मोजणी+1))' लिहा, ते अपयश देत नाही.

ओळ वाचणाऱ्या 'रीड'ला मात्र '-आर' कायम लावा. नाही लावलं तर तो मजकुरातल्या '\' या उलट्या तिरक्या रेघा गिळतो, आणि हे सहसा तेव्हाच कळतं जेव्हा एखादा विंडोजचा पाथ फाइलीत येतो.