सर्व्हिसिंगला दिलेल्या गाडीचा रंग कसा जपावा

निगुतीने सांभाळलेली गाडी सर्व्हिसिंगहून परत येते आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हात तिच्या बॉनेटवर बारीक, गोल गोल चरे दिसू लागतात. हे चरे मेकॅनिकच्या पान्याने क्वचितच पडलेले असतात. बहुतेक वेळा ते सर्व्हिसनंतर मोफत मिळणाऱ्या धुण्या-पुसण्यातून आलेले असतात. सांगली-मिरज-कुपवाड परिसरात या त्रासाला एक स्थानिक कारणही जोडले जाते. ऊसतोडणीच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची धूळ असते, शेतात पेटवलेल्या पाचटाची काजळी वाऱ्याबरोबर गावात येते आणि साखर कारखान्यांच्या आसपास बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, राख उडत असते. उसाच्या पाल्यात सिलिका भरपूर असते, जळल्यावर ती राखेत उतरते, आणि सिलिकाचा कण गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण असतो. अशी राख बसलेल्या गाडीवर कोणी चांगल्या हेतूने का होईना, कोरडा फडका मारला, तर फडक्याच्या प्रत्येक फेरीबरोबर चरे उमटतात.

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, मूळ रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे झेरॉक्सच्या साध्या कागदाच्या जेमतेम निम्मा असतो. गाडीची चमक आणि उन्हापासूनचे संरक्षण बऱ्याच अंशी याच थरावर अवलंबून असते. चरे घालवण्यासाठी रबिंग, म्हणजे घासून पॉलिश, केले की याच थराचा थोडा भाग कायमचा निघून जातो आणि तो पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे चरे काढण्याच्या उपायांपेक्षा ते पडू न देण्याच्या तयारीवर वेळ खर्च करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. काळ्या, गडद निळ्या किंवा मरून रंगाच्या गाडीवर चरे लगेच दिसतात आणि पांढऱ्या गाडीवर लपतात, परंतु नुकसान दोन्हीकडे सारखेच होत असते.

वेळ कशी निवडावी

सर्व्हिसिंगची वेळ आधी फोन करून ठरवावी आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी. दसरा, दिवाळी आणि गुढीपाडव्याच्या आधीचे दिवस टाळावेत. त्या काळात सर्व्हिस सेंटरमध्ये नव्या गाड्यांची आणि जुन्या गाड्यांचीही गर्दी असते, गाड्या दाटीवाटीने लावल्या जातात, आणि शेजारच्या गाडीचे दार उघडताना आपल्या गाडीला पोचा पडण्याची भीती वाढते. घरून गाडी नेण्या-आणण्याची सोय मिळत असली तरी रंगाची काळजी असणाऱ्याने ती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यात गाडी देताना आणि घेताना दोन्ही पक्षांनी मिळून करायची पाहणी होतच नाही. आपल्या गाडीच्या कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर सांगलीत नसल्यामुळे कोल्हापूरला किंवा पुण्याला गाडी न्यावी लागत असेल, तर तिथेच थांबून काम करून घेण्याच्या तयारीने सकाळी लवकर निघावे.

आदल्या दिवशीची तयारी

आदल्या दिवशी गाडी घरी धुऊन स्वच्छ करावी. स्वच्छ गाडी पाहून धुण्याचा आग्रह कमी होतो, पण त्याहून महत्त्वाचे कारण असे की धुळीखाली आधीचे ओरखडे लपतात आणि मग कोणता ओरखडा कधीचा यावर वाद घालण्याची वेळ येते. धुतल्यावर सावलीत गाडीचे फोटो काढावेत: चारही दारे, चारही मडगार्ड, बॉनेट, छप्पर, डिकी, दोन्ही बंपरच्या खालच्या कडा, आरसे, समोरची काच आणि प्रत्येक अलॉय व्हील वेगळे. समोरून सरळ काढलेल्या फोटोत चरे दिसत नाहीत, म्हणून मोबाइल पत्र्याला तिरका धरावा, म्हणजे प्रकाशाच्या परावर्तनात ते उठून दिसतात. गाडीतले सुटे सामान काढून ठेवावे, आणि एक स्वच्छ, जाड टॉवेल मात्र गाडीत ठेवावा. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

जॉब कार्डवर काय लिहून घ्यावे

सर्व्हिस ॲडव्हायझरशी, म्हणजे गाडी ताब्यात घेऊन कामे लिहून घेणाऱ्या माणसाशी, बोलणे नम्रपणे, पण निःसंदिग्ध शब्दांत करावे. “जरा जपून करा” या सूचनेचा प्रत्येकजण आपापला अर्थ लावतो. त्याऐवजी जॉब कार्डवर, म्हणजे गाडीवर करायच्या कामांची नोंद असलेल्या कागदावर, पुढीलप्रमाणे लिहून घ्यावे: “गाडी धुऊ नये. बाहेरून ओला किंवा कोरडा कपडा मारू नये. टायरला आणि डॅशबोर्डला पॉलिश लावू नये. कोणतेही कोटिंग किंवा रबिंग करू नये.” यातले दुसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. पुष्कळ ठिकाणी धुणे नाकारलेली गाडी मालकाच्या ताब्यात देण्यापूर्वी, निदान बरी दिसावी म्हणून, पुसून दिली जाते, आणि धूळ बसलेल्या गाडीवरचे कोरडे पुसणे हे धुण्यापेक्षाही घातक असते.

धुणे नाकारल्याने वॉरंटीला बाधा येईल अशी शंका अनेकांना असते. वॉरंटीसाठी लागते ते वेळच्या वेळी झालेली तपासणी, ठरलेले ऑइल, फिल्टर व सुटे भाग आणि त्यांची नोंद. बाहेरून गाडी धुणे हे त्यात मोडत नाही.

एक अपवाद मात्र मान्य करायला हवा. पावसाळ्यात नदीकाठच्या काळ्या मातीचा चिखल गाडीच्या खाली आणि चाकांच्या कमानीत घट्ट बसतो, आणि तो निघाल्याशिवाय तेलगळती किंवा फाटलेला रबरी बूट (सांध्यांवरचे रबरी आवरण) मेकॅनिकला दिसत नाही. अशा वेळी “फक्त खालून आणि चाकांच्या कमानीत पाणी मारावे” असे लिहून द्यावे. रंगावर संरक्षक फिल्म लावलेली असेल, तर प्रेशरचा पाइप तिच्या कडांपासून हातभर लांब ठेवायला सांगावे, कारण जोरदार धार कडेखाली शिरली की फिल्म उचलली जाते. सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा कडक संरक्षक थर) नुकतेच करून घेतले असेल, तर ते पूर्ण घट्ट होईपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, सर्व्हिसिंग पुढे ढकलणेच बरे.

सूचना शेवटच्या माणसापर्यंत पोहोचवणे

जॉब कार्डवर लिहून घेतले म्हणजे काम झाले असे समजू नये. गाडी ॲडव्हायझरकडून फ्लोअर इनचार्जकडे, तिथून मेकॅनिककडे आणि शेवटी वॉशिंगच्या रांगेत जाते. ही गाडी धुण्याची मुले दिवसभर एकामागून एक गाड्या उरकत असतात आणि जॉब कार्ड त्यांच्या हाती क्वचितच पडते. त्यांच्यावर वेळेचे दडपण असते. खाली पडलेला स्पंज झटकून तसाच पुन्हा वापरला जाणे किंवा एकाच बादलीतल्या गढूळ पाण्यात तो बुडवला जाणे या दडपणातूनच घडते. त्यांना दोष देण्यापेक्षा आपली सूचना त्यांच्या डोळ्यांसमोर येईल अशी व्यवस्था करणे उपयोगाचे. यासाठी “धुऊ नये, पुसू नये” असे मोठ्या अक्षरांत मराठी आणि हिंदीत लिहिलेले दोन कागद तयार करावेत. एक आतल्या आरशाला टांगावा आणि दुसरा ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेला आतून चिकटवावा. पत्र्यावर चिकटपट्टी लावू नये.

त्यानंतर ॲडव्हायझरला बरोबर घेऊन गाडीभोवती एक फेरी मारावी. आधीपासून असलेला प्रत्येक ओरखडा स्वतःहून दाखवावा. यामुळे पुढे एखादा नवा ओरखडा दाखवला तर आपल्या शब्दावर विश्वास बसतो. किलोमीटरचा आकडा दिसेल असा छोटा व्हिडिओ काढून तो त्याच वेळी ॲडव्हायझरला व्हॉट्सॲपवर पाठवावा, म्हणजे वेळेची नोंद दोघांकडेही राहते. सर्व्हिस सेंटरच्या आवारातच डेंटिंग-पेंटिंगचा विभाग असेल, तर गाडी त्यापासून दूर लावण्याची विनंती करावी. ग्राइंडरच्या ठिणग्यांमधले तापलेले लोखंडी कण रंगात आणि काचेतही रुतून बसतात आणि काही दिवसांनी त्यांचे तांबूस गंजके ठिपके उमटतात. गाडी काळी असो वा पांढरी, हे ठिपके साध्या धुण्याने निघत नाहीत.

काम चालू असताना

थांबून काम पाहण्याची सोय असेल तर थांबावे, मात्र मेकॅनिकच्या डोक्यावर उभे राहू नये. बॉनेट उघडल्यावर मडगार्डवर कव्हर टाकले आहे का, एवढे पाहावे. या कव्हरना बऱ्याचदा लोहचुंबक असतात आणि त्यांना लोखंडाचा कीस चिकटलेला असतो, त्यामुळे कव्हरच्या खालून ओरखडे पडू शकतात. बरोबर आणलेला जाड टॉवेल कव्हरच्या खाली अंथरायला द्यावा. चुंबक त्याने पूर्ण धरत नसेल, तर कव्हर घसरणार नाही याची खात्री करून घ्यावी.

ब्रेक ऑइल बदलायचे असेल तर विशेष दक्षता घ्यावी. डॉट ३ आणि डॉट ४ ही नेहमीची ब्रेक ऑइले ग्लायकोलवर आधारलेली असतात आणि ती रंगावर सांडली तर रंग मऊ पडून फुगतो व निघू लागतो. थेंब पडलाच तर तो पुसण्याच्या भरात पसरवू नये. त्यावर ताबडतोब भरपूर पाणी ओतावे, कारण हे ऑइल पाण्यात मिसळून वाहून जाते. गाडीत एक लिटरभर पाण्याची बाटली ठेवणे याचसाठी उपयोगी पडते.

चाके काढताना अलॉयच्या नटांच्या खळग्यात चरे पडतात, म्हणून प्लास्टिकचे आवरण असलेला सॉकेट वापरायला सांगावे आणि नट शेवटी टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्यानेच, आवळून घ्यावेत. आतल्या चकचकीत काळ्या प्लास्टिकवर आणि स्क्रीनवरही कोरडा कपडा चरे पाडतो, तेव्हा आतली साफसफाईही नाकारलेली बरी.

याच सुमारास “रंग डल झाला आहे, पॉलिश करून घ्या” अशी सूचना येण्याची शक्यता असते. मशिनने केलेले चांगले पॉलिश हे कसबाचे काम आहे. त्यासाठी आधी रंगाची जाडी मोजावी लागते, आणि सर्व्हिसिंगच्या घाईत ते नीट होत नाही. घाईने केलेल्या पॉलिशमधले तेलकट घटक चरे तात्पुरते भरून टाकतात आणि काही धुण्यांनंतर ते पुन्हा वर येतात.

गाडी ताब्यात घेताना

अंधार पडल्यावर गाडी ताब्यात घेऊ नये. ट्यूबलाइटच्या पसरट प्रकाशात चरे दिसत नाहीत, ते उन्हात किंवा मोबाइलच्या टॉर्चच्या तिरक्या झोतात दिसतात. समाधानपत्रावर सही करण्याआधी बॉनेटची पुढची कड, दोन्ही मडगार्डचा माथा, दारांच्या मुठींमागची खोलगट जागा, दाराखालचे उंबरे, डिकीची कड आणि अलॉयच्या कडा पाहाव्यात.

नवा ओरखडा आढळल्यास गाडी आवाराबाहेर काढण्यापूर्वीच तो जॉब कार्डवर लिहून घ्यावा आणि त्याचा फोटो काढावा. “दोन मिनिटांत घासून देतो” हा तोडगा स्वीकारू नये. ओरखड्यावरून नख हलकेच फिरवावे. नख अडकत नसेल तर जाणकाराच्या हातून पॉलिशने तो जाण्याची शक्यता असते. अडकत असेल तर तो खोल आहे असे समजावे. तरीही पूर्ण पॅनेल रंगवून घेण्याला चटकन होकार देऊ नये. कारखान्यात रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो, तर दुरुस्तीच्या बूथमध्ये साधारण ६० अंशांवर, त्यामुळे दुरुस्तीचा रंग मूळ रंगाच्या तोडीचा सहसा होत नाही; म्हणून मूळ रंग वाचवता येत असेल तोवर वाचवावा.

तोंडी बोलण्याने प्रश्न सुटला नाही, तर त्याच दिवशी सर्व्हिस मॅनेजरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला फोटोंसह ईमेल करावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क पडत नाही. गाडी देतानाचा व्हिडिओ आणि जॉब कार्डवरील लेखी सूचना यांच्या जोरावर बहुतेक वाद मात्र सर्व्हिस मॅनेजरच्या टेबलावरच मिटायला हरकत नसते.

घरी आल्यावर

परतीच्या रस्त्यावरची धूळ हाताने झटकू नये. गाडी सावलीत लावून पत्रा थंड होऊ द्यावा, आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, आणि मग कार शाम्पू व मायक्रोफायबरचा हातमोजा वापरून वरून खाली धुवावे. शाम्पूची बादली वेगळी आणि हातमोजा खंगाळण्याची वेगळी ठेवावी. बोअरच्या जड पाण्याचे थेंब उन्हात वाळले की क्षारांचे पांढरे डाग पाडतात आणि ते क्लिअर कोटला खातात, म्हणून शेवटचे पाणी शक्यतो नळाचे किंवा साठवलेले पावसाचे घ्यावे. पाणी टिपताना मायक्रोफायबरचा टॉवेल पत्र्यावर अंथरून हलकेच उचलावा, घासू नये. बंपरच्या आणि दारांच्या खालच्या भागासाठी वेगळा टॉवेल ठेवावा आणि तो बॉनेटला कधीही लावू नये.